मदत हवी आहे: बेकारी भत्त्याचं पान सोपं कसं करू?

नमस्कार मंडळी. फोंड्यात आम्ही काही जण कामगारांना फॉर्म भरायला मदत करतो. आता ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचं मराठी पान बनवतोय. नोकरी गेल्यास रोजच्या सरासरी कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. वेर्ण्याच्या कारखान्यातून आलेल्या एका ताईंनी मोबाइलवर वाचून विचारलं, "निम्मा पगार, की निम्मे दिवस?" मी गप्पच!

आधी पात्रता विचारू, की कागदपत्रं सांगू? 'दावा' म्हटलं की लोकांना कोर्ट आठवतं, 'अर्ज' चालेल? आणि 'अंशदान', म्हणजे ईएसआयसाठी कामगार आणि मालक भरतात ते पैसे, याला सोपा शब्द सुचवा ना. 'वर्गणी' लिहिलं तर थेट गणपती मंडळच वाटतं.