आईला ट्रायलमध्ये घेतो म्हणतायत, फॉर्म कन्नडमध्ये

खानापूरकर: बेळगावात आईला शुगरच्या औषधाच्या ट्रायलमध्ये घेतो म्हणतायत, फॉर्म कन्नडमध्ये आणि आईला फक्त मराठी वाचता येतं, सही करावी काय? लई काळजी वाटायलीय.

निपाणीची नर्स: समजल्याशिवाय सही नको. औषधांच्या ट्रायलच्या २०१९ च्या नियमाप्रमाणं पेशंटला कळेल अशाच भाषेत माहिती द्यावी लागते, मराठी फॉर्म हक्कानं मागा, सीटीआरआयवर (ट्रायलची सरकारी नोंदवही) या ट्रायलची नोंद आहे का तेपण बघा.

आशाताई: घाबरू नका ओ. आपल्याच जिल्ह्यात बेळगावच्या जेएनएमसी मेडिकल कॉलेजनं आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून मिसोप्रोस्टॉलची (बाळंतपणातला रक्तस्राव रोखायची गोळी) ट्रायल केली, १६२० बायका, खेड्यातल्या नर्सबाईंनीच गोळ्या दिल्या, २००६ ला निकाल छापून आला, बाळंतपणातला जास्तीचा रक्तस्राव जवळपास निम्म्यावर आला. खेड्यातल्या बायका पुढं आल्या म्हणूनच कळलं हे.

खानापूरकर: मागितला, सोमवारी मराठीत देतो म्हणाले.