माळ्यावरचा पिंजरा: मांजराला डॉक्टरकडे नेण्याचे अनुभव

काल माळा आवरताना मांजराचा जुना प्लास्टिकचा पिंजरा हाती लागला. जाळीच्या दारावर दातांच्या खुणा आहेत आणि आत कोपऱ्यात करड्या केसांचा एक पुंजका अजून अडकलेला आहे. ती सोळा वर्षे आमच्याकडे होती आणि त्या सोळा वर्षांत आम्ही एकच चूक पुन्हा पुन्हा केली: पिंजरा फक्त लशीच्या दिवशी खाली काढला. शिडी सरकल्याचा आवाज आला की ती पलंगाखाली सर्वांत आतल्या कोपऱ्यात जाऊन बसत असे आणि आम्ही दोघे जमिनीवर पालथे पडून तिची मनधरणी करत असू. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तिचे ओरडून झालेले असे आणि आमचे एकमेकांवर ओरडून झालेले असे. आता घरात नवे पिल्लू आले आहे व पुढच्या महिन्यात त्याची लस आहे. तेव्हा आपापले अनुभव, फसलेलेसुद्धा, कृपया लिहावेत.

* * *

पिंजरा पुन्हा माळ्यावर जाऊ देऊ नका, एवढेच आधी सांगते. आमच्याकडे तो बैठकीच्या खोलीत बारा महिने उघडा असतो. सुरुवातीला मी त्याचे दार काढूनच ठेवले, आत आमच्या मांजरीची नेहमीची चादर न धुता अंथरली, कारण स्वतःचा वास असलेली जागा मांजराला आपली वाटते. खाऊ आधी दाराशी ठेवला, मग उंबऱ्यावर, मग थेट आत. ती आपण होऊन आत झोपू लागल्यावर दार परत बसवले, क्षणभर लावले आणि लगेच उघडले. पुढे पिंजरा उचलून खोलीभर फिरणे, गाडीत ठेवून गाडी सुरू न करताच परत आणणे, असे टप्पे केले. मध्ये एकदा मला घाई झाली, दार जरा जास्त वेळ लावले आणि आठ दिवसांची मेहनत पाण्यात गेली. ती पिंजऱ्याकडे बघेना. पुन्हा दाराशी खाऊ ठेवण्यापासून सुरुवात करावी लागली. पिल्लू मात्र लवकर शिकते, तुमच्याकडे महिना आहे, तो पुरेल.

* * *

आमच्या बोक्याला पिंजऱ्याची भीती नव्हतीच, त्याला समोरून येणाऱ्या कुत्र्यांची होती. आता आम्ही पिंजऱ्यावर जाडसर टॉवेल टाकतो, मुठीला धरून झुलवत नेण्याऐवजी खालून दोन्ही हातांनी आधार देतो आणि दवाखान्यात तो जमिनीवर न ठेवता मांडीवर घेऊन बसतो. एवढ्यावर निम्मे ओरडणे थांबले.

* * *

आमच्या मांजरीच्या रक्तात एकदा साखर बरीच वाढलेली निघाली आणि आम्ही मधुमेहाच्या धसक्याने रात्रभर जागलो. डॉक्टरांनी सांगितले की नुसत्या भीतीनेही मांजराची साखर चढते. त्यांनी फ्रुक्टोसामीनची तपासणी केली, जिच्यावरून आधीच्या एकदोन आठवड्यांतील साखरेचा अंदाज येतो, आणि ती व्यवस्थित आली. त्यानंतर त्यांनी गॅबापेंटिन हे भीती कमी करणारे औषध लिहून दिले. निघण्यापूर्वी सुमारे दोन तास ते थोड्या ओल्या खाण्यात मिसळून द्यायचे असते. त्या दिवशी ती थोडी झोकांड्या खाते, म्हणून उंच जागी चढू देत नाही. औषध देणे म्हणजे आपला पराभव, असे मला आधी वाटत असे. पण मांजराच्या नेमक्या याच भीतीसाठी अमेरिकेत २०२३ साली प्रीगाबालिनचे औषध मंजूर झाल्याचे कळले, तेव्हा तो अपराधीपणा गेला. मात्र मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी आणि माणसांच्या गोळ्या मनाने कधीही देऊ नयेत. साधे पॅरासिटामॉलसुद्धा मांजराच्या जिवावर बेतते.

* * *

म्हणजे मांजर शांत करायला औषध हवे आणि औषध पोटात जायला मांजर शांत हवे. आमची मनी त्या ओल्या खाण्यातले सगळे खाऊन औषधाचा घास तेवढा वाटीच्या कडेला लावून ठेवते, याला काय करावे?

* * *

निम्म्याहून कमी खाण्यात औषध मिसळा आणि ते तिला भूक असताना आधी द्या. बाकीचे खाणे नंतर दाखवा. आणि ही रंगीत तालीम एखाद्या रिकाम्या दिवशी, डॉक्टरांना विचारून, करून पाहा. आमच्याकडे फेरोमोनचा, म्हणजे मांजराला निर्धास्त वाटावे अशा गंधद्रव्याचा, फवाराही आहे. तो मांजराला आत ठेवण्यापूर्वी पंधरा मिनिटे चादरीवर मारायचा, म्हणजे त्यातल्या अल्कोहोलचा वास उडून जातो. त्याने किती फरक पडतो हे मला खात्रीने सांगता येणार नाही. टॉवेलचा पडतो, हे नक्की.

* * *

नवा पिंजरा घेणार असाल तर वरचे झाकण सुटे होणारा घ्यावा. आमच्या आधीच्या डॉक्टरांकडे मानगूट धरून मांजर बाहेर ओढत आणि टेबलावर दाबून धरत. आताच्या डॉक्टर झाकण काढून त्याला खालच्या भागातच बसू देतात व टॉवेलखालीच हात घालून तपासतात. तेच मांजर आहे, फिस्कारत नाही. घरात दुसरे मांजर असेल तर परतल्यावर दोघांना काही तास वेगळे ठेवावे, कारण दवाखान्याचा वास घेऊन आलेल्या सख्ख्या भावालाही ते ओळखत नाही. आमच्याकडे यावरून दोन दिवस युद्ध चालले होते.

जुनाच पिंजरा वापरणार असाल तर आधी स्वच्छ धुवा. घाबरलेल्या मांजराचा वास आत राहिलेला असेल, तर तो पिल्लाला नकोसा होईल.

* * *

सर्वांचे आभार. झाकण सुटे होते, हे सोळा वर्षांत आमच्या लक्षातच आले नव्हते. बाजूच्या चार खिट्ट्या काल पहिल्यांदा उघडल्या. पिंजरा धुऊन उन्हात वाळवला आणि खालचा भाग तेवढा खिडकीखाली ठेवला आहे. पिल्लू आत्ता पुढचे दोन पाय आत आणि मागचे दोन बाहेर, असे झोपले आहे. करड्या केसांचा पुंजका धुण्याआधी काढून घेतला. तो टेबलाच्या खणात ठेवला आहे.