सुट्टीत माहेरी जाते आहे. वहिनीचे आभार कसे मानू?

धागाकर्ती:
आईला पक्षाघात होऊन तीन वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं, कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागतो. तिचं सगळं वहिनी करते. दादाही करतो, नाही असं नाही, पण रात्री दर दोन तासांनी उठून आईची कूस बदलणं वहिनीकडेच. इतक्या दिवसांत आईच्या पाठीला एकही जखम झालेली नाही. एकदा डॉक्टरांनी पाठ बघून विचारलं होतं, "नर्स ठेवली आहे का?"

दर मोठ्या सुट्टीत आम्ही तिघी बहिणी मुलाबाळांसह तिथे जाऊन धडकतो. आईजवळ बसतो, फोटो काढतो आणि निघताना वहिनीच्या हातात काहीतरी भेट ठेवतो. मागच्या वेळी तिने चादर काढायला सांगितली म्हणून कपाट उघडलं, तर आधीच्या दोन सुट्ट्यांत दिलेल्या वस्तू वेष्टनासकट तशाच होत्या. वापरणार कधी आणि जाणार कुठे ती? त्या चार दिवसांत सगळ्यांत उशिरा झोपणारी आणि सगळ्यांत आधी उठणारी तीच होती, आणि तेही आमच्यामुळे. हे माझ्या लक्षात आलं ते परतीच्या गाडीत बसल्यावर.

तोंडाने बोलायला गेले की "ताई, त्यात काय एवढं" म्हणून ती विषय बदलते. यंदा तिच्यापर्यंत खरंच पोहोचेल असं काय करू?

प्रतिसाद १:
मी सासऱ्यांचं आठ वर्षं केलं. पाहुणे म्हणायचे, "तू आराम कर गं जरा." पण कुणाच्या भरवशावर? बाबांना कसं भरवायचं, हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

तुम्ही दोन दिवस आधी जा आणि वहिनीकडून काम शिकून घ्या. पक्षाघातानंतर अनेकांना गिळायला त्रास होतो. सरळ बसवून लहान लहान घास द्यायचे आणि जेवण झाल्यावर निदान अर्धा तास तसंच बसू द्यायचं. कूस बदलताना ओढायचं नाही, त्वचा घासली जाते. लुळा हात धरून तर कधीच उचलायचं नाही, खांदा दुखावतो. तुमच्या आईची स्वतःची अशी काय काय तंत्रं आहेत, ते वहिनींनाच माहीत असणार. हे हाताला बसलं की मग त्यांना म्हणा, आजची रात्र माझी. मला त्या आठ वर्षांत अशी एक रात्र मिळाली होती, नणंदेमुळे. अजून आठवते.

प्रतिसाद २:
वरचं कराच, पण एक पत्रही लिहा. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी 2018 मध्ये लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली होती. लिहिणाऱ्यांना वाटत होतं की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात ते वाटलं त्यापेक्षा कमी अवघडले आणि वाटलं त्यापेक्षा जास्त आनंदले. तुमच्या वहिनी विषय बदलतात, पण पत्राला उलट उत्तर देता येत नाही! फक्त "तू खूप करतेस" एवढ्यावर थांबू नका. डॉक्टरांनी नर्सबद्दल विचारलं होतं, ते लिहा. तुम्ही पाहिलंत हे त्यांना कळू दे.

प्रतिसाद ३:
त्यांना न विचारता सहल वगैरे ठरवू नका. आम्ही बहिणीला असं पाठवलं होतं, बिचारी दर तासाला फोन करून आईची चौकशी करत होती. आणि दादालाही दोन शब्द बोला.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल वहिनीला फोन केला. म्हटलं, दोन दिवस आधी येते, मला आईचं सगळं शिकव. ती आधी "कशाला?" म्हणाली. मग एकेक सांगत गेली. डाव्या कुशीवर असताना पाठीशी लहान उशी लागते. पहाटे चारच्या सुमारास आई हाक मारते, तेव्हा तिला पाणी नको असतं. जवळ कुणी आहे ना, एवढंच बघायचं असतं. हात धरला की पुन्हा झोपते.

तिसऱ्या वर्षी मला हे कळतं आहे. मी लिहून घेत होते. फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "ताई, मग त्या रात्री मी दार लावून झोपले तर चालेल ना?"