धिंगरी मशरूमला घरातली कोणती जागा द्यावी?

आगरवाला, गुहागर
चिऱ्याचं कौलारू घर आहे. घरच्याच भाताच्या पेंढ्यावर धिंगरीचे दहा बेड (पेंढा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या) करायचेत, स्पॉन (मशरूमचं बियाणं) जुलैत येणार. जागा चार: मागची पडवी (उत्तरेकडे तोंड, दोन बाजू उघड्या), पत्र्याची शेड, माळा आणि गोठ्याला लागून असलेली पेंढ्याची खोली. पेंढा हाताशी म्हणून शेवटची बरी वाटते. काय म्हणता?

बुरशीप्रेमी
नेमकी तीच आधी बाद करा. कोरड्या पेंढ्याच्या धुळीत हिरव्या बुरशीचे बीजाणू भरलेले असतात. पेंढा गरम पाण्यातून काढून स्वच्छ केलात आणि त्याच खोलीत भरलात, तर सगळी मेहनत पाण्यात. शिवाय गोठ्याच्या शेणावरची बारीक चिलटं बेडच्या भोकांत अंडी घालतात, आणि अळ्या पांढरे धागे खातात.

माळ्यावर कौलांखालची गरम हवा कोंडते. पत्र्याची शेड ढगाळ दिवसात चालेल, पण चार तास ऊन पडलं की तापते. धिंगरीला 20 ते 30 अंश हवं. उरली पडवी. उघड्या बाजूंना बारीक मच्छरदाणीची जाळी आणि बाहेरून गोणपाट लावा. जमीन शेणाने सारवलेली असेल तर तिच्यावर प्लास्टिक अंथरा, म्हणजे धुता येईल.

खाडीकाठ
पडवी बरोबर, पण पहिल्या दिवसापासून नको. जागा दोन लागतात, हे बहुतेक जण विसरतात.

भरल्यापासून 15 ते 20 दिवस बेडला अंधार हवा, वारा नको, वरून पाणीही नको. त्याला माजघराचा कोपरा पुरे. एकावर एक रचू नका, बेड आतून खोलीपेक्षा गरम असतो. स्पॉनमध्ये धान्य असतं, उंदराला वास लागतो, तेव्हा जमिनीवरही ठेवू नका. पूर्ण पांढरा झाला की पिशवी काढून पडवीत टांगा.

तिथे पेपर वाचता येईल इतका उजेड हवा, थेट ऊन नको. जागा चुकली की मशरूमच सांगतं: दांडा लांब आणि छत्री बटणाएवढी, तर हवा कोंडतेय. कडा वाळून चिरल्या, तर समुद्राचा वारा थेट लागतोय. बारीक कोंब पिवळे पडून ओलसर झाले, तर पाणी जास्त झालंय. आणि झोपायच्या खोलीत कधीच नको; पिकलेल्या छत्रीचे बीजाणू हवेत उडतात, दम्याच्या माणसाला त्रास होतो.

आगरवाला, गुहागर
पडवी बारा फूट लांब, चार फूट रुंद आहे. श्रावणात पावसाची झड आत येते. टांगायचे कसे? आणि न्हाणीतल्या चुलीचा धूरही थोडा येतो.

बुरशीप्रेमी
धूर येतो ते टोक सोडा. उरलेल्यात दहा बेड आरामात बसतात.

एका बेडला एक किलो कोरडा पेंढा धरा, भिजून तो तीन किलोच्या आसपास जातो. एका दोरीवर तीन बेड म्हणजे नऊ-दहा किलो, म्हणून दोरी वाशाला बांधा, रिपेला नको. दोरी नायलॉनची घ्या. सुंभ ओला राहून स्वतःच बुरशी धरतो. दोन बेडमध्ये वीतभर अंतर, भिंतीपासून एक फूट (पावसाळ्यात गोगलगायी भिंतीवरून येतात), जमिनीपासून दीड फूट, आणि पागोळ्यांपासून किमान दोन फूट आत.

खाडीकाठ
बेड भरण्याआधी आठवडाभर त्या जागी आर्द्रता दाखवणारं थर्मामीटर टांगा आणि आकडा दुपारी तीनला बघा. सकाळचा आकडा सगळीकडेच चांगला येतो. 80 ते 90 टक्के आर्द्रता हवी. जुलैत ती आपसूक मिळते, तेव्हा पाण्याचा पंप बाजूला ठेवा, कोंब सुकताना दिसले तरच हलका फवारा. ऑक्टोबरच्या उन्हात मात्र दिवसातून तीनदा फवारणी करा आणि गोणपाट ओलं ठेवा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर पागोळ्यांचं साठवलेलं, गाळलेलं वापरा.

एप्रिल-मेत पडवीत धिंगरीचा हट्ट नको. त्या दिवसांत दुधी अळिंबी लावा, तिला 30 ते 35 अंश मानवतं. फक्त तिच्या बेडवर मातीचा थर द्यावा लागतो, त्यामुळे टांगण्याऐवजी फळी लागेल.