अनुभव धागा: कोणाच्या नजरेत आपण कोण?

चार्ल्स हॉर्टन कूली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली असे मांडले की माणसाचे ‘मी’पण एकट्याने घडत नाही. समोरच्याला आपण कसे दिसत असू, त्यावरून तो आपल्याविषयी काय मत करत असेल, आणि त्या मताच्या कल्पनेने आपल्या मनात उठणारा अभिमान किंवा संकोच, या तिन्हींतून ते आकार घेते. कोकणात गाव आणि मुंबई, घर आणि पाहुणे अशा अनेक नजरांखाली आपण वावरतो. कोणत्या नजरेने आपल्याला घडवले, हे येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. कोणाचा खोटेपणा शोधणे हा हेतू नाही. ठिकाणागणिक वेगळे वागणारा माणूस बहुतेक वेळा प्रामाणिकच असतो, असे माझे मत आहे.

डोंबिवली, मूळ गाव कणकवली तालुक्यात

शहरात मी नेहमी शिक्षण आणि हुद्दा सांगून ओळख करून देत आलो. गणपतीला गावी गेल्यावर मात्र तिठ्यावर एखादे वडीलधारे गृहस्थ ‘कोणाचो रे तू?’ असे विचारतात, आणि माझे नाव त्यांना पुरत नाही. आजोबांचे नाव सांगितले की त्यांचा चेहरा खुलतो. लहानपणी याचा मला राग येई, कारण माझ्या गुणांना येथे काही किंमतच नाही असे वाटे. पुढे नोकरी गेली, सांगायला हुद्दा उरला नाही आणि इमारतीतल्या शेजाऱ्यांची नजर चुकवण्यात दिवस जाऊ लागले. त्या वर्षी गावच्या घरी आरतीला उभा राहिलो तेव्हा माझी जागा होती तिथेच होती, आणि त्या आधाराचे मोल मला तेव्हा कळले.

महाड

हाच प्रश्न माझ्या वाट्याला वेगळा आला. आजोबांचे नाव सांगितले की वाडी कळते, वाडीवरून जात कळते आणि विचारणाऱ्याचा सूर बदलतो, हे मी शाळेत असतानाच ओळखू लागले. आमच्या घराला मात्र दुसरीही एक नजर लाभली होती. डिसेंबर १९२७ मध्ये, चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर काही महिन्यांनी, महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले आणि जात ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची रीत व तसे दागिने सोडून द्या, असे सांगितले. बायका घोट्यापर्यंत लुगडे नेसू लागल्या, ही हकिकत आजी आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत असे. नेसणे बदलल्याने गावाचे मत लगोलग बदलले नाही. पण आपण कसे दिसावे हे आपण ठरवायचे, हे त्या बायकांना उमगले आणि ते आमच्यापर्यंत पोहोचले. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी आडनावासह पूर्ण नाव खणखणीत आवाजात सांगितले, ते त्याच बळावर.

देवबाग

आमच्याकडे पर्यटक उतरतात. पडवीत मी त्यांच्याशी प्रमाण मराठीत, सावकाश बोलते. स्वयंपाकघरात जाऊबाईंशी मालवणीत आणि मोठ्या आवाजात. पाहुण्यांच्या पानात सुरमई असते, आमच्या पानात तारले. सुरुवातीला पडवीतली बाई मला परकी वाटे. परंतु अनोळखी पुरुषांशी नजर वर करून बोलण्याची सवय तिनेच मला लावली, आणि आता ग्रामसभेत पाण्याच्या प्रश्नावर मी उभी राहून बोलते.

रत्नागिरी

देवबागच्या ताईंसाठी लिहीत आहे. समाजशास्त्रज्ञ एर्व्हिंग गॉफमन यांनी १९४९ ते १९५१ या काळात स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर राहून निरीक्षणे केली. तेथील लहानशा हॉटेलात माणसे भोजनगृहात एका प्रकारे आणि स्वयंपाकघरात दुसऱ्या प्रकारे वागतात, हे त्यांनी टिपले, आणि सामाजिक वावराला रंगमंच व त्यामागची जागा मानणारी त्यांची मांडणी करताना हा दाखला वापरला. बाहेरची भूमिका आत झिरपून माणूसच कसा बदलतो, हे मात्र ताईंच्या अनुभवातून मला अधिक स्पष्ट दिसले.

कुडाळ तालुका

मी दशावतारी नाटकात स्त्रीपार्टी, म्हणजे स्त्रीची भूमिका, करतो. दिवसा काजूची बाग पाहतो. आमचे संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरते, रंगपटात तोंड रंगते आणि पुढचे शब्द उभ्या उभ्या आपणच शोधायचे असतात. द्रौपदी होऊन भरसभेत न्याय मागताना ते शब्द मला सहज सापडत, घरात मात्र थोरल्या भावासमोर माझे तोंड उघडत नसे. बहिणीच्या वाट्याचा विषय निघाला तेव्हा मी प्रथमच तिच्या बाजूने बोललो. भाऊ बरेच दिवस अबोल होते, पण सातबाऱ्यावर आता तिचेही नाव आहे.