गाणी सारी पाठ, पण वाचता येत नाही

प्रश्न : वावरातली माय, दारव्हा (यवतमाळ)
माही पोरगी पहिलीत हाय. आजीसंगं भुलाबाईची गाणी म्हणते, शाळेतल्या कविता तोंडपाठ. पुस्तक उघडलं का घडाघडा सुरू. पण मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवलं का गप्प! गाण्यानं वाचन येते म्हणतात, ते खरं हाय काय?

झेडपीची बाई, पुसद
खरं आहे ताई, पण नुसत्या गाण्यानं नाही. ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांनी इंग्लंडमधल्या मुलांवर केलेला अभ्यास १९८३ साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. यमक आणि सारखे आवाज ओळखायचा सराव मुलांना दिला होता. त्यातही ज्यांच्या हातात सोबत प्लास्टिकची अक्षरं दिली, ती वाचनात सगळ्यांत पुढं गेली. तुमच्या पोरीचा कान तयार आहे. आता त्याला डोळा जोडायचा.

बोलताना आपण ‘कमळ’ दोन झटक्यांत म्हणतो, क-मळ. लिहिताना अक्षरं तीन. गाण्यात शब्द ओढला की क, म, ळ तिन्ही सुटे ऐकू येतात. म्हणून गाणं सावकाश म्हणायचं, एका अक्षराला एक टाळी. जोडाक्षरं मात्र सध्या राहू द्या. ‘पुस्तक’ला टाळी पुस्-तक अशी पडते आणि लिहिताना तो स् पुढच्या त ला चिकटतो, लेकरू गोंधळतं.

आणि भुलाबाईसारखं साधन दुसरं नाही हो! बऱ्याच गाण्यांत ओळ तीच राहते, फक्त नातं बदलतं. ती ओळ पाटीवर लिहा, नात्याची जागा मोकळी सोडा. सासू, सासरा, दीर, जाऊ अशा चिठ्ठ्या करा. पोरीनं चिठ्ठी उचलायची, वाचायची, मग ओळ म्हणायची. पाठांतर तिथं कामी येत नाही, बघावंच लागतं. खिरापत ओळखतानाही तसंच करा, डब्यावर पहिलं अक्षर लिहून ठेवा.

वावरातली माय
आजीले लिहिता-वाचता येत नाही. तरी जमते काय?

झेडपीची बाई, पुसद
आजीचा गळा हवा, लिहायचं तुम्ही बघा. फक्त ती म्हणते तसंच लिहा, वऱ्हाडीतच. शुद्ध करायला गेलात तर कानात एक अन् पाटीवर दुसरं होईल. गाताना पोरीचं बोट ओळीखालून सरकू द्या. बोट मागं राहिलं तर आजीनं थांबायचं, पोरीनं घाई करायची नाही.

अंगणवाडीताई, झरी जामणी
आमच्याकडं बरीच लेकरं घरी कोलामी बोलतात. त्यांच्या मायांना बोलावून त्यांचीच गाणी आधी म्हणवतो, मराठी त्यानंतर. ताई, घरी धाकटं लेकरू असेल तर त्यालाही टाळ्या वाजवायला बसवा, पण चिठ्ठ्या देऊ नका. तीन-चार वर्षांच्या लेकराला ताल पुरे.

वावरातली माय
धाकटा हाय, तीन वर्साचा. त्याले डबा वाजवाले देतो. पहिली ओळ सासूचीच लिहितो, आजी खूश होईन.