डील तर सगळ्या पकडतोय, मग पैसे जातायत कुठे?

खिसा_फाटका
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. गेलं वर्षभर मी आणि बायकोने ठरवून काटकसर चालवलीय म्हणजे सेल असल्याशिवाय काही घ्यायचं नाही, कूपन कोड शोधल्याशिवाय पेमेंट करायचं नाही, तीन अ‍ॅप उघडून भाव बघायचा, डीलवाले दोन ग्रुप पण जॉइन केलेत. मागच्या आठवड्यात हिशोबाला बसलो तर "वाचलेले" पैसे भरपूर (अ‍ॅपच सांगतं ना हिरव्या अक्षरात, तुम्ही एवढे वाचवले म्हणून) पण खात्यात शिल्लक होती तेवढीच. बाथरूमच्या वरच्या फळीवर शॅम्पूच्या 7 बाटल्या आहेत, त्यातला एक प्रकार घरात कोणाच्याच केसांना चालत नाही. आणि एक प्रिंटर, जो इतका स्वस्त मिळाला की न घेणं मूर्खपणा वाटला.

तर प्रश्न साधा आहे, खरी डील ओळखायची कशी आणि रोजच्या खर्चात नक्की वाचतं कुठे? "अनावश्यक खर्च टाळा" टाइप सल्ले नकोत, ते आमच्या सासूबाई फुकटात देतात.

मापात_पाप
स्वागत आहे :) तुमचं दुखणं जुनंच आहे. तुम्ही सूट बघताय, भाव बघत नाही. सूट हा आकडा दुकानदाराने ठरवलेला असतो, छापील किमतीतून वजा करून, आणि छापील किंमत पण कंपनीनेच स्वतः ठरवलेली. मी गेली काही वर्षं एकच करतो, 100 ग्रॅमला किंवा 100 मिलीला किती पडतं ते काढतो, बस. फोनमध्ये एक नोट आहे त्यात घरात नेहमी लागणाऱ्या वीसेक वस्तू आणि प्रत्येकीचा आतापर्यंत मिळालेला सगळ्यात कमी भाव, युनिटप्रमाणे. त्याच्या खाली मिळालं तर डील, नाहीतर जाहिरात.

एक जवळचा नमुना सांगतो. आमच्याकडे कपडे धुवायची जी पावडर येते तिचा डबा परवा धुवून ठेवायला घेतला तर बुडाला आत वळलेला खळगा, अख्खी मूठ बसेल एवढा. जुना डबा शेजारी ठेवून बघितला, उंची तीच, रंग तोच, झाकण सुद्धा एकाचं दुसऱ्याला बसतं. जुन्यावर 1000 ग्रॅम, नव्यावर 900. किंमत जिथल्या तिथे. म्हणजे भाव 11 टक्क्यांनी वाढला आणि मला कळलं पण नाही, आणि मी स्वतःला हिशोबी समजतो!

आणि मोठा पॅक म्हणजे स्वस्त हे पण डोक्यातून काढा. बऱ्याचदा असतो, पण नेहमी नाही, मधला पॅक मोठ्यापेक्षा स्वस्त पडलेला मी स्वतः पाहिलाय कारण मोठा पॅक उचलताना कोणी भागाकार करत नाही हे त्यांना माहीत असतं.

बाकी टक्क्यांच्या गमती थोडक्यात. "50 टक्के सूट, वर आणखी 20 टक्के" म्हणजे 70 नव्हे, 60, कारण दुसरी सूट उरलेल्या अर्ध्यावर लागते. "2 घ्या 1 मोफत" म्हणजे 33 टक्के, ते पण तिन्ही लागणार असतील तर. "त्याच किमतीत 30 टक्के जास्त" म्हणजे भाव 30 नाही, साधारण 23 टक्क्यांनीच कमी. तुमच्या शॅम्पूच्या फळीचं उत्तर बहुतेक यातच आहे.

पडेल_भावाने
+1. सेलच्या आधी महिनाभर स्क्रीनशॉट काढून ठेवायची सवय लावा, भाव आधी वर नेऊन मग "उतरवतात" हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. युरोपियन युनियनमध्ये 2022 पासून नियमच झालाय की सूट दाखवताना आधीच्या किमान 30 दिवसांतली सगळ्यात कमी किंमत लिहायची, उगाच नाही केला. ज्या साइटला भावाचा इतिहास दाखवणारे ट्रॅकर आहेत तिथे ते बघूनच बटण दाबा.

हप्तेबाज
नाव बघून हसू नका, सुधारलोय आता. खिसा भाऊ, तुम्ही हप्त्यांबद्दल काहीच लिहिलं नाहीत म्हणून विचारतो, घरातल्या किती वस्तू "शून्य टक्के व्याज" वर चालू आहेत? मी एका वेळी चार चालवायचो आणि मिरवायचो की फुकटात पैसे वापरतोय.

मग एकदा दुकानातल्या पोराने सहज विचारलं, रोख देणार का, 5 टक्के कमी करून देतो. तेव्हा ट्यूब पेटली. 100 ची वस्तू रोखीत 95 ला आणि हप्त्याने 100 ला, 6 हप्त्यांत. म्हणजे मी 95 उधार घेतले आणि 100 फेडले. आता वाटतं 5 टक्केच तर आहेत, पण ते 95 काही सहा महिने माझ्याकडे राहत नाहीत ना, दर महिन्याला मुद्दल परत जातच असतं, सरासरी साडेतीन महिनेच वापरायला मिळाले. नीट काढलं तर महिन्याला दीड टक्का, वर्षाचं जवळपास 18 टक्के. हे तुमचं शून्य! वर प्रोसेसिंग फी असली तर विचारूच नका.

असंच फ्लॅट रेटचं, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर. वर्षाच्या कर्जावर फ्लॅट 12 टक्के सांगतात तो शिलकीवर काढला तर 21-22 च्या घरात जातो. विचारायचा प्रश्न एकच, "रोखीत कितीला देता?" आणि गप्प बसायचं. पहिले दहा सेकंद लाज वाटते, नंतर नाही वाटत.

फुकट_ते_पौष्टिक
वस्तूंवर एवढं लिहिलंत पण सेवा राहिल्या की राव. साबणात वाचवून वाचवून किती वाचवणार, एकदा काय ते. इंटरनेट, फोन, विमा, अ‍ॅपची वर्गणी हे दर महिन्याला न विचारता जातं, तिथे एकदा कापलं की कापलेलंच राहतं.

माझी पद्धत सांगते. वर्षातून एकदा बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट प्रिंट काढते (तुमच्याकडे प्रिंटर आहेच, वापरा की) आणि जे नाव दोनदा आलंय त्याच्यावर पेनाने गोल. मागच्या वेळी एक फोटो साठवायची वर्गणी निघाली, जी मी जुना फोन असताना घेतली होती, तो फोन मुलाने पाण्यात पाडून पण दोन वर्षं झाली. दोन वर्षं पैसे जातायत आणि मी कूपन शोधतेय!

मग उरलेल्यांना फोन करायचा, नूतनीकरणाच्या पंधरा दिवस आधी. भांडायचं अजिबात नाही. "मी इतकी वर्षं तुमच्याकडे आहे, नवीन ग्राहकाला तुमच्याच साइटवर हा दर दिसतोय, मला काय देऊ शकता? नाहीतर बंद करायची प्रोसेस सांगा." बंद करायचं म्हटलं की कॉल दुसऱ्या माणसाकडे जातो आणि त्याच्या हातात सूट असते, पहिल्याच्या हातात बहुतेक वेळा नसतेच. जुना ग्राहक हलत नाही हे गृहीत धरून दर चढवत नेणं हा सरळ सरळ धंदाच आहे, ब्रिटनमध्ये घराच्या आणि गाडीच्या विम्यात जुन्याला नव्यापेक्षा जास्त दर लावायला 1 जानेवारी 2022 पासून बंदी घालावी लागली एवढं ते वाढलं होतं.

आणि 28 दिवसांचा प्लॅन महिन्याचा समजू नका. वर्षात तो 13 वेळा भरावा लागतो. महिन्याच्या प्लॅनशी तुलना करताना 13 ने गुणा, मग बोला.

फ्री ट्रायल घेतली की त्याच दिवशी कॅन्सल करून टाकते, बऱ्याच ठिकाणी मुदत संपेपर्यंत चालू राहते. काही ठिकाणी लगेच बंद होते म्हणून आधी वाचा, तिथे मग अलार्म लावा, मुदतीच्या दोन दिवस आधीचा.

खिसा_फाटका
बापरे, सोनारानेच कान टोचले. सगळ्यांचे आभार. हप्ते तीन चालू आहेत, सांगायची हिंमत होत नव्हती :( तो प्रिंटर पण त्यातलाच. आणि हो, तो चालत नाहीये, दोन महिन्यांतून एकदा काहीतरी छापायला घेतलं की शाई संपली म्हणतो. छापलंय किती, चाळीसेक पानं असतील.

मापात_पाप
आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार आहे तो. प्रिंटर स्वस्त असतो कारण कमाई शाईवर असते. इंकजेट असेल तर सोबत आलेली काडतुसं बऱ्याचदा अर्धवट भरलेलीच असतात, आणि मशीन पडून राहिलं की तोंडं सुकू नयेत म्हणून चालू करताना ते स्वतःच शाई ओतून साफसफाई करतं, म्हणजे न छापता सुद्धा संपते. महिन्याला पाच-दहा पानं लागत असतील तर बाहेरून छापून आणा, नाहीतर साधा काळापांढरा लेझर, त्याचा टोनर कोरडी पावडर असते, सुकायचा प्रश्नच नाही. कुठलाही घ्या पण आधी काडतुसाची किंमत भागिले त्यावर लिहिलेली पानं, हा आकडा काढा. प्रिंटरची किंमत शेवटी बघा.

निवांत_आत्या
मी जरा उलटं बोलते, रागावू नका. मापात_पाप यांचा हिशोब पटतो पण वीस वस्तूंची नोट सांभाळायला निवृत्त माणूस लागतो. माझी सून नोकरी करून येते आणि रात्री अकराला तीन अ‍ॅपमध्ये टूथब्रशचे भाव बघत बसते, म्हटलं अगं झोप. दात कोरून पोट भरत नाही. मोठे चार-पाच खर्च वर्षातून एकदा नीट बघावेत आणि बाकीचं सोडून द्यावं या मताची मी आहे. त्या ग्रुपमधून तर आधी बाहेर पडा, तिथे माणूस गरज घेऊन जात नाही, गरज घेऊन बाहेर येतो.

विजेचं कोणी बोललंच नाही. जुना 60 वॅटचा पिवळा दिवा आणि 9 वॅटचा एलईडी, उजेड जवळपास सारखाच. दिवसाला 5 तास धरले तर वर्षाला 109 युनिट विरुद्ध 16. एका दिव्याचे. कुठलंही उपकरण नुसतं प्लगला राहून 10 वॅट खात असेल तर वर्षाचे 87 युनिट झाले, काही न करता. एकदा मागचं बटण बंद केलं की झालं, त्याला कूपन लागत नाही.

मापात_पाप
आत्या, निवृत्तच आहे मी :D मान्य.

खिसा_फाटका
चार दिवसांनी अपडेट. दोन्ही ग्रुप सोडले. स्टेटमेंटवर गोल मारले तर 6 निघाले, त्यातल्या 3 गोष्टी आम्ही उघडून बघितल्याला वर्ष होऊन गेलंय, एक तर नक्की काय आहे तेच आठवेना, बायको म्हणते तू घेतलंस, मी म्हणतो तू. तिन्ही बंद. इंटरनेटवाल्यांना फोन केला, पौष्टिक ताईंचं वाक्य कागदावर लिहून समोर ठेवलं होतं, पहिल्या माणसाने सरळ नाही म्हटलं, "बंद करायची प्रोसेस" म्हटल्यावर 22 मिनिटं तेच संगीत ऐकवलं आणि मग नव्या ग्राहकाचा दर मिळाला. विम्याला अजून चार महिने आहेत, अलार्म लावलाय. सुटे हप्ते एकदम भरून टाकावेत का ते विचारलं तर आधी फेडायचा पण चार्ज आहे म्हणे, म्हणून ते आहेत तसे चालू ठेवतोय, नवीन मात्र बंद.

फक्त एक राहिलं. त्या न चालणाऱ्या शॅम्पूचं काय करू?

निवांत_आत्या
हात धुवायला ठेव. कंगवे, मेकअपचे ब्रश, स्वेटर पण छान निघतात त्याने. पाणी घालून बाटली भरून ठेवू नकोस मात्र, लागेल तेवढंच पातळ कर, नाहीतर ठेवून ठेवून खराब होतं.